ओला टंबलर घेतला, पिना मात्र बरणीत गेल्या: पितळी पुंगळ्या साफ करण्याचा ११ महिन्यांचा अनुभव

पहिल्या फेरीनंतर ओल्या टंबलरचा, म्हणजे पुंगळ्या पाण्यात फिरवून घासणाऱ्या यंत्राचा, ड्रम उघडला तेव्हा आतलं पाणी शाईसारखं काळं झालं होतं आणि त्यातून वर काढलेली पुंगळी (उडालेल्या काडतुसाचं रिकामं पितळी कवच) मात्र नव्या नाण्यासारखी लखलखत होती. आतून, बाहेरून, अगदी बुडाशी प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) बसतो त्या खळग्यातसुद्धा. दोन वर्षं कोरड्या टंबलरवर काम केलेल्या माणसाला असं काही दिसलं की तो भारावून जातोच. त्याच दिवशी मी ठरवून टाकलं की जुना टंबलर आता कुणाला तरी देऊन टाकायचा. आज ११ महिने झाले. जुना टंबलर अजून टेबलावर आहे, नियमित वापरात आहे, आणि नव्या यंत्राबरोबर आलेल्या स्टीलच्या पिना एका बरणीत बंद आहेत. असं का झालं ते सविस्तर लिहितो. टंबलर निवडताना मी ज्या गोष्टींकडे पाहत होतो त्या फारशा महत्त्वाच्या नव्हत्या, आणि ज्यांच्याकडे पाहायला हवं होतं त्या खोक्यावर छापलेल्या नसतात.

आधी माझा वापर किती ते सांगतो, म्हणजे तुलना करता येईल. मी लक्ष्यावरच्या नेमबाजीसाठी काडतुसं पुन्हा भरतो. महिन्याला पिस्तुलाच्या ९ मिमीच्या साधारण ५०० पुंगळ्या, रायफलच्या .३०८ विंचेस्टरच्या शंभरेक, आणि अधूनमधून .२२३, तीही रायफलचीच. काडतुसं घरी भरायला सगळ्याच देशांत परवानगी नाही. तेव्हा आपल्याकडचा कायदा आधी बघा, यंत्राचा विचार त्यानंतर.

पुंगळी साफ करायची कशासाठी, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. जमिनीवरून उचललेल्या पुंगळीला माती, वाळूचे कण, काजळी चिकटलेली असते. ती तशीच साइझिंग डायमध्ये (उडताना फुगलेली पुंगळी दाबून मूळ मापात आणणाऱ्या साच्यात) घातली तर एखादा कठीण कण डायच्या भिंतीला ओरखडा पाडतो, आणि मग तो ओरखडा पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतो. दुसरं कारण तपासणी. तोंडाशी गेलेली बारीक चीर किंवा बुडाच्या थोडं वर उमटलेली फिकट रेषा (तिथून पुंगळी तुटायला आलेली असते) कळकट पितळावर दिसत नाही. खरी गरज एवढीच. लखलखीत पुंगळीने गोळी जास्त नेमकी लागते असं माझ्या कागदी लक्ष्यांवर कधीच दिसलं नाही. चकाकी डोळ्यांना सुखावते आणि मलाही ती आवडते, पण यंत्र निवडताना तिला पहिला मान देऊ नये.

कोरड्या टंबलरची रचना सोपी आहे. खाली मोटर, तिच्या दांड्यावर एका बाजूला भारी असलेलं वजन, वर स्प्रिंगांवर बसवलेलं भांडं. मोटर फिरली की भांडं थरथरतं आणि आतला भरडा पुंगळ्यांना घासत गोल फिरत राहतो. भरडा दोन प्रकारचा: अक्रोडाच्या कवचांचा किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा. अक्रोड कठीण असतो, घाण लवकर काढतो. मका मऊ, तो झिलई आणतो. घाण पितळ असेल तर अक्रोड, थोडंफार मळलेलं असेल तर मका, असा माझा रिवाज आहे. दोन ते तीन तास लागतात. भरड्याचा दाणा केवढा आहे याकडे मात्र नीट लक्ष द्या. मी पहिल्यांदा जाड मका आणला होता आणि त्याचे दाणे फ्लॅश होलमध्ये, म्हणजे प्रायमरची ठिणगी आत जाते त्या छिद्रात, घट्ट बसायचे. शंभर पुंगळ्यांची छिद्रं टाचणीने मोकळी करत बसण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. हे छिद्र सहसा २ मिमीच्या आसपास असतं. २०/४० चाळणीचा भरडा घेतला तर दाणा ०.४ ते ०.८५ मिमीचा असतो आणि सरळ निसटून जातो. १४/२० चा दाणा जवळजवळ दीड मिमीपर्यंत जातो, तो अडकतो.

भांडं गच्च भरू नका. भरपूर भरडा आणि भरपूर पुंगळ्या असल्या की वरचा थर नुसता थरथरतो, खाली जातच नाही. झाकण काढून पाहिलं तर पुंगळ्या वर येताना आणि खाली बुडताना दिसल्या पाहिजेत. तसं दिसत नसेल तर थोड्या काढा. चमचाभर पॉलिश घालायचं असेल तर ते रिकाम्या भरड्यात आधी पंधरा मिनिटं मिसळू द्यावं, नाहीतर त्याचे गोळे होतात आणि पुंगळ्यांच्या आत चिकटतात.

आता धुळीबद्दल. या सगळ्या लेखात मला सर्वात कळकळीने सांगायचं आहे ते हेच. बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट असतं, म्हणजे शिशाचं संयुग. काडतूस उडालं की त्याचा काही अंश काजळीबरोबर पुंगळीत राहतो आणि कोरड्या टंबलरमध्ये तो भरड्यात उतरतो. चार-पाच फेऱ्यांनंतर भरडा करडा होतो तो नुसत्या मातीने नाही. खरा धोका यंत्र चालू असताना कमी आणि नंतर चाळताना जास्त असतो, कारण चाळताना ती बारीक पूड हवेत उडते आणि श्वासात जाते. पहिलं वर्षभर मी बंद खोलीत, उघड्या हातांनी, तोंडावर काहीही न बांधता चाळत होतो. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. आता चाळणं घराबाहेर, मास्क आणि हातमोजे घालून, झाकण असलेल्या फिरत्या चाळणीतच करतो. भरड्यात ओलसर केलेल्या कागदी रुमालाचे चार-पाच तुकडे टाकले की बरीच पूड त्यांना चिकटते. फेरी संपली की ते फेकून द्यायचे. घरात लहान मूल असेल तर टंबलर राहत्या खोलीत ठेवूच नका. शिसं मुलांच्या मेंदूला जे करतं ते भरून निघत नाही.

ओल्या टंबलरकडे वळलो त्यामागे हीच धूळ होती. पाण्यात काम असल्यामुळे काही उडत नाही. रबराचं अस्तर असलेला आडवा ड्रम दोन रुळांवर फिरतो. आत पुंगळ्या, स्टीलच्या बारीक पिना, पाणी, भांडी घासायच्या साबणाचे थेंब आणि चिमूटभर लिंबूसत्त्व. पिना साधारण १.२ मिमी जाड आणि ६.५ मिमी लांब. या पद्धतीचं जुनं प्रमाण असं: पिना २.३ किलो, पितळ ०.९ किलो, पाणी ३.८ लिटर. मिळून जवळपास ७ किलो. घेण्याआधी या आकड्यांशी जरा हिशेब करा. ९ मिमीची एक पुंगळी साधारण ४ ग्रॅमची, म्हणजे ०.९ किलोत २२५ बसतात. .३०८ ची साधारण ११ ग्रॅमची, म्हणजे जेमतेम ८०. यंत्राच्या खोक्यावर 'इतक्या शेकडा पुंगळ्या' असं लिहिलेलं असतं ते बहुधा लहान पुंगळ्या धरून. मी ते वाचून .३०८ च्या १५० घातल्या होत्या. ड्रम घसटत, थांबत फिरला आणि दीड तासाने पट्टा तापून वास येऊ लागला. चूक माझीच होती. ड्रमवर लिहिलेली वजनाची मर्यादा पाण्यासकट असते.

ओल्या पद्धतीला आणखी एक काम आधी करावं लागतं: उडालेले प्रायमर काढून टाकणं. न काढता घातलं तर खळगा साफ होत नाहीच, शिवाय प्रायमरच्या मागे पाणी अडकून राहतं आणि दोन दिवसांनीही ते तिथे असतं. त्यासाठी फक्त डिकॅपिंगची, म्हणजे जुना प्रायमर ढकलून काढायची, डाय वेगळी ठेवली, कारण मळकी पुंगळी चांगल्या साइझिंग डायमध्ये घालायची नाही. म्हणजे प्रत्येक पुंगळी प्रेसमधून (डाय बसवायच्या हाताने दाबायच्या यंत्रातून) एकदा जास्तीची जाते. ९ मिमीच्या ५०० पुंगळ्यांना हे काम मला तासाभराचं होतं.

पहिले दोन महिने निकालावर मी अगदी खूश होतो. मग एकेक गोष्ट जाणवू लागली. पिनांपासून पुंगळ्या वेगळ्या करणं हे ऐकायला किरकोळ वाटतं. पाण्याखाली चाळण फिरवली की बहुतेक पिना पडतात, उरलेल्या चुंबकाने उचलाव्या लागतात. पण बाटलीसारखी मान असलेल्या पुंगळ्यांत, विशेषतः .२२३ मध्ये, पिना खांद्याशी आडव्या अडकतात. उलटी करून आपटली तरी निघत नाहीत. फ्लॅश होलमध्ये एकच पिन असेल तर सुटते, दोघी एकत्र शिरू पाहिल्या की पाचर बसते. प्रत्येक पुंगळी उजेडात धरून आत डोकावायची, हा नियम झाला. आणि तरीही चौथ्या महिन्यात एक पिन सुटलीच. वाळलेली .३०८ ची पुंगळी वजनकाट्यावर ठेवली तेव्हा ती बाकीच्यांपेक्षा किंचित जड भरली म्हणून कळलं. आत खांद्याला चिकटून बसली होती. ती तशीच दारूखाली गेली असती तर बंदुकीच्या नळीतून गोळीमागोमाग स्टीलचा तुकडा गेला असता. त्या रात्री मी त्या फेरीतल्या सगळ्या पुंगळ्या पुन्हा तपासल्या.

दुसरी गोष्ट तोंडाच्या कडांची. तीन-तीन तास फिरवल्यावर पुंगळ्यांच्या तोंडाची धार ठोकल्यासारखी चपटी आणि जाड होत होती, बोट फिरवलं की बारीक ओठ जाणवायचा. पुंगळ्या ड्रममध्ये कमी असल्या तर हे जास्त होतं, कारण मोकळ्या जागेत त्या उंचावरून एकमेकींवर पडतात. वेळ दीड तासावर आणला, ड्रम पाण्याने पुरेसा भरला, तर पुष्कळ कमी झालं. तरी रायफलच्या पुंगळ्यांची कड नंतर चॅम्फर करावीच, म्हणजे तिरकी तासून घ्यावीच लागते.

तिसरी गोष्ट मला सर्वात उशिरा कळली आणि सर्वात जास्त शिकवून गेली. पुंगळीच्या मानेत आतल्या बाजूला काजळीचा जो पातळ थर असतो तो वंगणाचं काम करतो. पिनांनी तो पूर्ण खरवडला गेला की एक्स्पँडर (डायमधला, मान आतून मापात रुंद करणारा गोळा) मानेतून ओरखडत, किंचाळत बाहेर येतो, आणि गोळी बसवताना हाताला जोर कमी-जास्त जाणवतो. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत हा फरक नको असतो. मानेत कोरडं ग्रॅफाइट लावून तो जातो, पण मग मी आधी एक थर खरवडून काढत होतो आणि नंतर दुसरा थर हाताने लावत होतो. या क्रमाला काही अर्थ नाही हे लक्षात आल्यावर पिनांबद्दलचं माझं प्रेम ओसरलं.

लिंबूसत्त्वाचं प्रमाण हाही एक धडा. पाव चमचा पुरतो. एकदा पाणी फार जड आहे या समजुतीने दीड चमचा घातलं आणि वर फेरीही जास्त वेळ चालली. पुंगळ्या गुलाबीसर होऊन बाहेर आल्या. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. आम्ल जास्त झालं की पृष्ठभागावरचं जस्त आधी निघून जातं आणि तांब्याचा रंग उघडा पडतो. रंग वरवरचा होता, पण त्या ८० पुंगळ्या मी भंगारात टाकल्या. साबण अजिबात न घालता नुसतं आम्ल वापरलं तर काळपटपणा लवकर परत येतो, हेही पाहिलं. आणि फेरी संपल्यावर पुंगळ्या त्या पाण्यात रात्रभर ठेवू नका. सकाळी डाग पडलेले असतात.

रसायनांबद्दल बोलतोय तर एक इशारा देऊन ठेवतो. पितळेची भांडी, समया चमकवायच्या द्रवांपैकी काहींत अमोनिया असतो. तसलं काही टंबलरमध्ये घालू नका. थंड ओढकामाने बनलेल्या पुंगळीच्या भिंतीत ताण साठलेले असतात आणि अमोनिया त्याच ताणांच्या रेषेवर पितळाला चिरतो. हा शोध लागला तो पावसाळ्यामुळे. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजा पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवत आणि पावसानंतर त्यांतली कित्येक तडकलेली निघत. ऋतूवरून इंग्रजीत त्याला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडलं. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि धातूतला उरलेला ताण, ही दोन कारणं मिळून असं होतं हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिलं. आपल्या हातातल्या पुंगळीला पुढच्या वेळी हजारो वातावरणांचा दाब सोसायचा आहे. तिला कमजोर करणारी चकाकी नको.

वाळवण्याचा वेळ यंत्राच्या वेळात कुणी धरत नाही. पुंगळ्या स्वच्छ पाण्याने दोनदा धुवायच्या, टॉवेलमध्ये घालून दोन टोकं धरून हलवायच्या, मग वाळवायच्या. उन्हात बाटलीच्या आकाराच्या पुंगळीला पूर्ण दिवस लागतो, कधी दोन. मी फळं वाळवायचं छोटं विजेचं यंत्र फक्त याच कामासाठी घेतलं, त्यात ६५ अंशांवर सव्वा तास पुरतो. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये वाळवू नका. शिशाचा प्रश्न आहेच, शिवाय ओव्हनचा काटा बिघडला आणि तापमान २५० अंशांच्या पुढे गेलं तर पितळाचा कठीणपणा उतरू लागतो, आणि पुंगळीचं बूड मऊ होणं जिवावरचं आहे. काळं पाणीही मोरीत किंवा झाडांना ओतायचं नाही. मी ते एका मोठ्या डब्यात साठवतो. दोन दिवसांत गाळ खाली बसतो. तो घातक कचरा म्हणून वेगळा द्यायचा असतो.

सहाव्या महिन्यात पिना काढून टाकल्या. ड्रममध्ये फक्त पुंगळ्या, पाणी, साबण, पाव चमचा लिंबूसत्त्व. पुंगळ्या एकमेकींना घासतात तेवढं घासणं पुरतं का, अशी शंका होती. एकाच दिवशी उडवलेल्या ९ मिमीच्या ४०० पुंगळ्यांचे दोन भाग करून, एक पिनांसह आणि एक पिनांशिवाय, दोन्ही दीड तास फिरवले. बाहेरून मला फरक ओळखता आला नाही. आतून बिनपिनांच्या पुंगळ्या करड्या राहिल्या आणि प्रायमरच्या खळग्यात कोपऱ्याला थोडी काजळी उरली. प्रायमर मात्र दोन्हींत सारखाच खोल आणि सारखाच घट्ट बसला. शिवाय पिनांचं वजन गेल्यामुळे त्याच ड्रममध्ये पितळ जवळपास सव्वादोन किलो जास्त बसू लागलं. ९ मिमीच्या सगळ्या ५०० एका फेरीत होतात, आधी तीन लागायच्या. मानेतला काजळीचा थरही बराचसा टिकतो, एक्स्पँडर ओरडत नाही. वर्षानुवर्षं मातीत पडलेल्या, पार काळ्या झालेल्या पुंगळ्या आल्या तरच बरणी उघडावी असं ठरवलं आहे. पाच महिन्यांत एकदा उघडली.

आणि जुना कोरडा टंबलर? साइझिंग करताना पुंगळ्यांना वंगण लावावं लागतं आणि ते नंतर काढावं लागतं. त्यासाठी पुन्हा पाण्यात घालून, पुन्हा वाळवत बसणं जिवावर येतं. मक्याच्या स्वच्छ भरड्यात २० मिनिटं फिरवल्या की वंगण गेलं. पुंगळ्या आधीच धुतलेल्या असल्यामुळे या भरड्यात शिशाची पूडही अगदी कमी उतरते. मी त्यासाठी वेगळा भरडा ठेवला आहे, मळक्या पुंगळ्या त्यात कधीच घालत नाही. त्यानंतर फ्लॅश होल तपासायचं विसरायचं नाही.

अल्ट्रासॉनिक टाकी मी मित्राकडची आठवडाभर वापरून पाहिली. आतून चांगली साफ करते, झिलई देत नाही, आणि एका वेळी थोड्याच पुंगळ्या घेते. रायफलच्या पन्नास पुंगळ्या जिवापाड जपणाऱ्याला ती शोभेल. माझ्या प्रमाणाला नाही.

यंत्रांच्या टिकाऊपणाबद्दल. ओल्या टंबलरचा पट्टा आठव्या महिन्यात सैल पडला, बदलला. झाकणाच्या रबराखाली एखादी पिन किंवा वाळूचा कण राहिला तर पाणी झिरपतं, म्हणून बंद करण्याआधी कड पुसायची. यंत्राखाली ट्रे ठेवा. आपोआप बंद होणारा टायमर नसेल तर घेऊ नका, कारण विसरलं जातंच आणि पुंगळ्यांच्या कडा ठोकल्या जातात. कोरड्या टंबलरचा भांडं धरून ठेवणारा नट थरथरीने सैल होतो, दर काही फेऱ्यांनी तो आवळावा लागतो. आवाज दोघांचाही होतो, पण कोरड्याची घरघर भिंतीपलीकडे ऐकू जाते. खाली जाड रबराची चटई घातल्यावर बरीच कमी झाली.

एक लहान गोष्ट, पण दोन्ही यंत्रांना लागू: वेगवेगळ्या कॅलिबरच्या पिस्तुली पुंगळ्या एकत्र घालू नका. ९ मिमीची पुंगळी .४५ च्या आत जाऊन बसते आणि पाण्यात अशी रुतते की पक्कड लागते. आत अडकलेली बाजू मळकीच राहते. आधी वेगळ्या करा, नंतर फिरवा.

महिन्याला दोनशेच्या आत पुंगळ्या आणि त्याही पिस्तुलाच्या, तर मी कोरडा टंबलरच घ्यायला सांगेन, सोबत झाकणाची चाळण आणि चांगला मास्क. चाळायला घराबाहेर जागा नसेल तर मात्र कितीही कमी पुंगळ्या असोत, ओलाच घ्या. रायफल जास्त असेल किंवा संख्या पाचशेच्या वर असेल तर ओला, ड्रम मोठ्यात मोठा, आणि वाळवण्याच्या यंत्राचे पैसे त्याच वेळी बाजूला काढून. पिना बरोबर आल्या तर येऊ द्या. पहिल्या पाच फेऱ्या त्यांच्याशिवाय करून बघा.

माझा सध्याचा क्रम असा: शनिवारी दुपारी डिकॅपिंग, संध्याकाळी ड्रममध्ये दीड तास, रात्री वाळवायला. रविवारी सकाळी वंगण, साइझिंग, मक्यात २० मिनिटं. मग खिडकीपाशी बसून एकेक पुंगळी उजेडाकडे धरायची आणि बुडाच्या छिद्रातून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहायचं. दिसला की ती प्रायमर बसवायच्या ट्रेमध्ये.